न टेकता तापवलेली प्लेट

तांब्याच्या नळीतून चुंबक सोडण्याचा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. चुंबक रेंगाळत खाली येतो, बघणारे नळीत डोकावतात, कोणीतरी लेन्झचं नाव घेतं (प्रवर्तित प्रवाह आपल्या कारणालाच विरोध करतो, हा त्याचा नियम) आणि विषय संपतो. पण त्यात एक हिशेब अर्धाच राहतो. चुंबक एक मीटर खाली आला, तरी त्याचा वेग म्हणावा तसा वाढला नाही. मग ती ऊर्जा गेली कुठे? नळी तापली, हे उत्तर बरोबर आहे, पण ते दाखवता येत नाही. पंचवीस ग्रॅमचा चुंबक मीटरभर खाली येताना जेमतेम पाव ज्यूल ऊर्जा देतो. अर्ध्या किलोच्या तांब्याच्या नळीचं तापमान तेवढ्यानं अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढतं. ते कोणाच्या हाताला लागणार?

मला ती उष्णता हाताला चटका बसेल इतकी करून दाखवायची होती. इंडक्शन हीटरचं तयार सर्किट वापरणं सोपं होतं, पण ते मी मुद्दाम टाळलं. सर्किट आणि त्याच्या तारा दिसल्या की बघणारा म्हणतो, "विजेनं तापलं." मग एडी करंट, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह, हा शब्द पाठ होतो आणि उष्णतेचा उगम झाकलेलाच राहतो. त्यापेक्षा पिलर ड्रिलच्या, म्हणजे उभ्या खांबावरच्या ड्रिल मशीनच्या, चकमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) चुंबकांचं चाक धरायचं, खाली ॲल्युमिनियमची प्लेट ठेवायची आणि दोघांत बोटाच्या नखाएवढी फट ठेवायची. मोटर चाक फिरवते, प्लेट तापते, मध्ये फक्त हवा.

कल्पना जुनीच आहे. 1824 मध्ये आरागोनं दाखवलं होतं की फिरणारी तांब्याची चकती जवळच्या चुंबकसूचीला आपल्याबरोबर ओढते. का ओढते, हे फॅरेडेनं 1831 मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधल्यावर कळलं. 1855 मध्ये फूकोनं तांब्याची चकती विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरवली. चुंबक चालू केला की चकती फिरवायला जास्त जोर लागतो आणि ती तापते, हे त्यानं दाखवलं. आपण फक्त त्याची मांडणी उलटी करतो. चकती स्थिर ठेवायची आणि चुंबक फिरवायचे. आज निओडिमियमचे चुंबक सहज मिळतात, त्यामुळे विद्युतचुंबकाचीही गरज उरत नाही.

चाक बनवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. 160 मिलिमीटर व्यासाची, 4 मिलिमीटर जाडीची पोलादी तबकडी लेथवर वळवून घेतली. मध्यभागी बोल्ट पक्का केला. चकमध्ये बोल्टचा आटे नसलेला भाग धरायचा, नाहीतर पकड नीट बसत नाही. तबकडीवर 60 मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात आठ चुंबक बसवले, प्रत्येकी 20 मिलिमीटर व्यास आणि 10 मिलिमीटर जाडी. एकाचा उत्तर ध्रुव वर, तर शेजारच्याचा दक्षिण. मागची पोलादी तबकडी नुसता आधार देत नाही, ती एका चुंबकाचं क्षेत्र मागच्या मागे दुसऱ्याकडे वळवते. त्यामुळे समोरच्या बाजूचं क्षेत्र आणखी जोरदार होतं.

हे चुंबक नुसते चिकटवून भागत नाही. असा एक चुंबक साधारण 23 ग्रॅमचा असतो. चाक मिनिटाला 1500 फेरे घेऊ लागलं की त्याला जागेवर धरून ठेवायला सुमारे 35 न्यूटन बल लागतं, म्हणजे साडेतीन किलो वजन टांगल्यासारखं. 2500 फेऱ्यांना ते 97 न्यूटनच्या घरात जातं, कारण बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. म्हणून 10 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची तबकडी घेतली, तिला चुंबकांच्या मापाची भोकं पाडली आणि ती वरून बसवली. बाहेरच्या बाजूला सेंटीमीटरभर लाकूड शिल्लक राहतं आणि भार त्या कडेवर येतो. फटींत इपॉक्सी भरलं आणि तोंडावर 1 मिलिमीटरची फायबरची शीट स्क्रूनं आवळली. तरीही मशीन चालू असताना भोवती पॉलिकार्बोनेटचं कवच, डोळ्याला गॉगल आणि चाकाच्या पातळीत कोणी उभं राहायचं नाही, हा नियम ठेवला. सुटलेला चुंबक काय करतो ते बघण्याची मला हौस नाही.

चुंबक बसवतानाची आणखी एक कटकट म्हणजे ते एकमेकांवर झेप घेतात. लाकडी पाचर मध्ये धरून एकेक सरकवावा लागतो. दोन चुंबक हवेत आदळले तर त्यांचे टवके उडतात, कारण हा पदार्थ काचेसारखा ठिसूळ असतो. वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस तर त्यांच्याकडे धावतोच. फायबरच्या शीटचा खरा उपयोग मला तिथे कळला. कीस शीटवर बसतो आणि चिकटपट्टीनं निघून येतो. चुंबकावर थेट बसला असता, तर काढता काढता दिवस गेला असता. पेसमेकर असलेल्या माणसानं या प्रयोगाच्या आसपास येऊ नये, हे दारावरच लिहून ठेवलं.

खालची प्लेट 200 बाय 200 मिलिमीटरची, 6 मिलिमीटर जाड. वजन साधारण 650 ग्रॅम. ड्रिलचं टेबल बिडाचं असतं, त्यामुळे प्लेट थेट टेबलावर ठेवता येत नाही. चुंबकांना तेही जाणवतं आणि प्लेटची उष्णताही टेबल पिऊन टाकतं. म्हणून लाकडी ठोकळ्यांची थप्पी करून प्लेट वर उचलली आणि प्लेटखाली कॉर्कचा तुकडा दिला. पोलादाची प्लेट वापरून बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा. चुंबक तिला वर खेचतात, फट टिकत नाही, आणि उष्णतेत पोलादाचं चुंबकन पुन्हा पुन्हा उलटण्यातून येणारा, म्हणजे हिस्टेरिसिसचा भाग मिसळतो. मग कशामुळे किती तापलं, हे वेगळं करता येत नाही.

पहिल्यांदा चालवलं ते 1500 फेऱ्यांवर, चुंबक आणि प्लेट यांच्यात 4 मिलिमीटर अंतर ठेवून. आवाज बदलला. मोकळं चाक फिरताना मोटर जी गुणगुण करते, ती प्लेटजवळ येताच खाली घसरली, जणू कोणी ड्रिल लाकडात घातलं होतं. मिनिटभरानं मशीन बंद करून प्लेटला हात लावला तर ती कोमट होती. आणखी थोडा वेळ चालवल्यावर हात ठेवणं नको झालं.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण वर्कशॉपमधल्या एका अनुभवी कारागिरानं पहिलाच प्रश्न बिनतोड विचारला: "हवेच्या घर्षणानं तापत नाही कशावरून?" चाक फिरतं, हवा घुसळली जाते, फट अरुंद आहे. शंका रास्त होती. म्हणून तशाच मापाचं दुसरं चाक केलं आणि चुंबकांच्या जागी लाकडी खुंट्या बसवल्या. ते तितकाच वेळ, तितक्याच फटीवर फिरवलं. थर्मामीटर हलला नाही. मग चुंबकांचं चाक परत लावलं आणि ॲल्युमिनियमच्या जागी प्लायवूडचा तुकडा ठेवला. त्यालाही काही झालं नाही. म्हणजे चुंबक हवेत आणि वीज वाहून नेणारा धातूही हवा. दोन्ही असतील तरच प्लेट तापते.

तापमान मोजणं हे वेगळंच प्रकरण आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखली तर ती प्लेटचं तापमान सांगतच नाही. असा पृष्ठभाग स्वतः फार थोडं प्रारण सोडतो आणि भोवतालचं परावर्तित करतो. प्लेट चटका देत असते आणि पडद्यावर खोलीचं तापमान दिसत असतं. प्लेटवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला किंवा मॅट काळा रंग दिला की आकडा ताळ्यावर येतो. थर्मोकपलची, म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या तापमापकाची, तऱ्हा निराळी. प्लेटच्या बाजूच्या कडेत बारीक भोक पाडून त्यात टोक बसवलं, तर चाक फिरत असताना आकडा नाचतो, कारण बदलतं चुंबकीय क्षेत्र थर्मोकपलच्या तारांतही विद्युतदाब निर्माण करतं. तारा एकमेकींना पीळ देऊन घेतल्यावर नाच कमी होतो. मी मात्र मशीन थांबवूनच आकडा घ्यायचो. ॲल्युमिनियममध्ये उष्णता भराभर पसरते. चुंबकांच्या वर्तुळाखालची उष्णता मध्यापर्यंत पोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतात, म्हणून थांबवल्यावर थोडं थांबलं की सगळी प्लेट जवळपास एका तापमानाला येते.

आता मूळ हिशेब. उष्णता मोटरनं केलेल्या कामातून येते, असं म्हणायचं असेल तर ते काम मोजायला हवं. प्लेटखालच्या कॉर्कसकट सगळं एका फिरत्या पाटावर बसवलं आणि पाटाखाली थ्रस्ट बेअरिंग दिलं. बेअरिंग पोलादी असल्यामुळे ते थप्पीच्या तळाशी, चुंबकांपासून दूर ठेवलं. चाक फिरू लागलं की प्लेटही त्याच्या मागे फिरायला बघते. आरागोची चुंबकसूची फिरली ती याच कारणानं. पाटाच्या मध्यापासून 200 मिलिमीटरवर दोरी बांधून ती ताणकाट्याला अडकवली. 1500 फेऱ्यांवर काटा 4 न्यूटनच्या जवळ स्थिरावला.

4 न्यूटन गुणिले 0.2 मीटर म्हणजे 0.8 न्यूटन-मीटर. चाकाचा कोनीय वेग सेकंदाला 157 रेडियन. गुणाकार केला की सुमारे 126 वॅट येतात. ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम एक अंशानं तापवायला 0.9 ज्यूल लागतात, म्हणजे या प्लेटला अंशाला सुमारे 580 ज्यूल. 126 वॅट सगळे प्लेटमध्येच गेले तर मिनिटाला तापमान 13 अंशांनी वाढायला हवं. माझ्याकडे पहिल्या मिनिटात साडेअकरा वाढलं. उरलेला दीड अंश हवेनं नेला, कारण चाक पंख्यासारखं प्लेटवर हवा मारत असतं. प्लेट जसजशी तापते तसतशी ही तूट वाढत जाते, म्हणून तुलना सुरुवातीच्या मिनिटाचीच करावी. ज्यूलनं 1843 मध्ये याच वाटेनं जाऊन यांत्रिक काम आणि उष्णता यांचं नातं मोजलं होतं. त्यानं चुंबकीय क्षेत्रात पाण्यातलं वेटोळं फिरवून पाणी किती तापतं ते पाहिलं. ताणकाटा आणि थर्मामीटर यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आलेले पाहून मला त्या प्लेटच्या चटक्यापेक्षा जास्त आनंद झाला, हे कबूल करतो.

मग वेग बदलून पाहिला आणि खरी गंमत तिथे आली. पिलर ड्रिलचा पट्टा पुलीच्या पायऱ्यांवर सरकवला की वेग बदलतो. विद्यार्थ्यांना आधी अंदाज बांधायला सांगितला. सगळ्यांचं मत एकच: वेग दुप्पट तर ओढही दुप्पट. 500 फेऱ्यांवर काटा अडीच न्यूटन दाखवत होता, 1000 वर पावणेचारच्या आसपास. दुप्पट नाहीच. 1500 वर 4, आणि 2500 वर चक्क साडेतीन. वेग वाढला आणि ओढ कमी झाली.

कारण असं की प्लेटमध्ये भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह स्वतःचंही चुंबकीय क्षेत्र तयार करतात, आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतं. वेग कमी असताना हा विरोध किरकोळ असतो, म्हणून ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढला की प्रवाह आपलंच कारण पुसायला लागतात, आणि चुंबकांचं क्षेत्र प्लेटमध्ये नीट शिरूच शकत नाही. ज्या वेगाला ओढ सर्वांत जास्त असते तो उंबरठा प्लेटची जाडी आणि वाहकता यांवर ठरतो. 6 मिलिमीटर ॲल्युमिनियमला, मिश्रधातू कोणता आहे त्यानुसार, तो सेकंदाला साधारण 8 ते 10 मीटरच्या पट्ट्यात येतो. माझ्या चाकावरचे चुंबक 1500 फेऱ्यांना सेकंदाला 9.4 मीटर वेगानं धावतात, म्हणजे बरोबर त्या उंबरठ्यावर. उष्णता मात्र वेग वाढवल्यावर वाढतच जाते, कारण शक्ती म्हणजे ओढ आणि वेग यांचा गुणाकार. 500 ला 26 वॅट, 1000 ला 80 च्या घरात, 2500 ला 180 च्या आसपास. वाढते, पण वर्गाच्या नियमानं जी अपेक्षा असते तिच्या कितीतरी मागे. पाठ्यपुस्तकात एडी करंटची उष्णता वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते असं लिहिलेलं असतं. ते कमी वेगासाठी खरं आहे, आणि ही अट सहसा लिहायची राहून जाते.

सामानात तांब्याचा तेवढ्याच जाडीचा तुकडा सापडला म्हणून तोही लावला. कमी वेगाला तांब्याची ओढ ॲल्युमिनियमपेक्षा जास्त, आणि 2500 ला स्पष्टपणे कमी. वाहकता जास्त असल्यानं त्याचा उंबरठा लवकर येतो.

याच टप्प्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न आला: इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, मग इथे ते इतकं कसं तापतं? शेगडीचं क्षेत्र सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा बदलतं. तेवढ्या वारंवारतेला ॲल्युमिनियममधला प्रवाह पृष्ठभागाच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये दाटतो, आणि तरीही धातूचा रोध इतका कमी पडतो की शेगडीचं वेटोळं त्यात पुरेशी शक्ती उतरवू शकत नाही. लोखंड चुंबकीय असल्यानं त्यात प्रवाह याहून कितीतरी पातळ थरात कोंडतो, रोध वाढतो आणि भांडं तापतं. आमच्या चाकात उत्तर-दक्षिण अशा चार जोड्या आहेत, म्हणून 1500 फेऱ्यांना वारंवारता अवघी 100 हर्ट्झ. त्या वारंवारतेला प्रवाह 8 मिलिमीटर खोलवर जाऊ शकतो, म्हणजे प्लेटच्या जाडीहून जास्त. सगळी प्लेट कामाला लागते.

प्लेट चिरून बघणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पटणारा भाग ठरला. तशाच दुसऱ्या प्लेटला बँडसॉवर दर 5 मिलिमीटरवर एक काप दिला, पण शेवटी सेंटीमीटरभर जागा अखंड ठेवली. प्लेट कंगव्यासारखी झाली. धातू जवळपास तेवढाच, चुंबक तेच, फट तीच. काटा जेमतेम हलला आणि प्लेट थंडच राहिली. प्रवाहांना गोल फिरायला रुंदी मिळाली नाही. ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकसंध न करता पातळ पत्र्यांचा का करतात, यावर मी कितीही वेळ बोललो असतो तरी त्या थंड कंगव्याइतकं पटलं नसतं.

मोठ्या गटाला दाखवायचं तर ड्रिलवर अडचण अशी की प्लेटच्या खाली काय होतं ते कोणालाच दिसत नाही. मग चाक लेथच्या चकमध्ये धरलं आणि टूल पोस्टमध्ये 1 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा उभा बसवला. आता पत्र्याची मागची बाजू बघणाऱ्यांकडे आली. तिच्यावर मेणाचे थेंब ठिकठिकाणी टाकून ठेवले. अर्ध्या मिनिटाच्या आत चुंबकांच्या वर्तुळावरचे थेंब ओघळले. मधले आणि कोपऱ्यांवरचे तसेच. उष्णतेचं कडं सगळ्यांना दिसलं. आधी लेथचा बेड कीस पुसून स्वच्छ करावा लागतो, नाहीतर चाक तो सगळा गोळा करतं.

प्लेट 70 अंशांच्या वर मी जाऊ देत नाही. सर्वसाधारण प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा 80 अंश असते. त्यापुढे ते तापले तर थंड झाल्यावरही पूर्वीचा जोर परत येत नाही.

शेवटची भर एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे पडली: मग मोटर जास्त वीज घेत असेल ना? ड्रिलची पिन वॉटमीटरमधून लावली. चाक मोकळं फिरताना जो आकडा दिसतो, तो प्लेटजवळ आल्यावर 126 पेक्षा बराच जास्त वाढतो, कारण पट्टा आणि मोटर यांची गळतीही त्यात येते. पण खरी मजा ड्रिलच्या हँडलमध्ये आहे. मशीन चालू ठेवून हँडल हळूहळू खाली ओढलं की वॉटमीटरचा आकडा चढतो, मोटरचा सूर उतरतो आणि दोरी ताणली जाते. हँडल सोडलं की तिन्ही पूर्वपदावर. चाक आणि प्लेट यांच्यात हवेशिवाय काहीही नाही, तरी हँडल धरणाऱ्याला एका नजरेत भिंतीतल्या प्लगपासून प्लेटपर्यंतचा हिशेब दिसतो. आता प्रत्येकाला ते हँडल हातात हवं असतं. म्हणून चाक किती खाली येईल हे ठरवणारा स्टॉप 4 मिलिमीटर फट राहील असा आवळून, तो हलत नाही ना हे स्वतः तपासल्याशिवाय मी मशीनचं बटण दाबत नाही.